रद्द म्हणा, नाहीतर पूर्ण करा

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, 17 सप्टेंबर 2025 रोजी, बीडच्या स्थानकातून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी गाडी सुटली. देश स्वतंत्र झाल्यावर तब्बल 78 वर्षांनी या जिल्ह्याच्या मुख्यालयाने रेल्वे पाहिली. बीडकरांनी त्या दिवशी केलेला जल्लोष मनापासूनचा होता आणि त्याला मोल होते. या मार्गासाठी आंदोलने करणारे, दिल्लीचे उंबरठे झिजवणारे कितीतरी जण तो दिवस पाहायला उरले नव्हते. हा मार्ग व्हावा म्हणून आयुष्यभर पाठपुरावा करणारे गोपीनाथ मुंडेही 2014 मध्येच गेले.

नगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला 1995-96 मध्ये. तेव्हा खर्चाचा अंदाज होता 353 कोटी रुपयांचा. नगर ते आष्टी हा 66 किलोमीटरचा टप्पा सुरू व्हायला सप्टेंबर 2022 उजाडले. बीडपर्यंतचे 166 किलोमीटर पूर्ण झाले तेव्हा मंजुरीला तीस वर्षे होत आली होती आणि प्रकल्पाचा खर्च 4,805 कोटींवर गेला होता. म्हणजे वर्षाला सरासरी साडेपाच किलोमीटर काम आणि मूळ अंदाजाच्या साडेतेरा पट खर्च. परळीपर्यंतचा टप्पा तेव्हाही बाकीच होता. मंजुरीच्या वर्षी पहिलीत गेलेले मूल गाडी आली तेव्हा पस्तिशी ओलांडून गेले होते. मधल्या प्रत्येक वर्षी दसरा झाला की याच जिल्ह्यातून लाखो ऊसतोड मजूर ट्रकमधून आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, कच्च्याबच्च्यांसह, पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे जात राहिले.

आणि ही तडीस जात असलेल्या प्रकल्पाची कथा आहे. महाराष्ट्रातले इतर अनेक रेल्वेमार्ग इतकेही पुढे गेलेले नाहीत.

ते रद्द झाले, असे मात्र कुणीही सांगत नाही. अर्थसंकल्पासोबत रेल्वेचे ‘पिंक बुक’ निघते, त्यात कामागणिक तरतूद छापलेली असते. एखादा मार्ग करायचा नसला, तरी त्याचे नाव तिथून सहसा काढले जात नाही. नावापुढे एक हजार रुपये लिहिले जातात. एवढ्या पैशांत मोजणी पथकाचा एका दिवसाचा खर्चही भागत नाही, पण प्रकल्प कागदावर जिवंत राहतो. खासदार मतदारसंघात जाऊन ‘तरतूद झाली आहे’ असे सांगू शकतो, मंत्री सभागृहात ‘प्रकल्प विचाराधीन आहे’ असे उत्तर देऊ शकतो. नवा मार्ग जाहीर केला की टाळ्या मिळतात, रद्द केला की रोष पत्करावा लागतो आणि लोंबकळत ठेवला तर कुणालाच काही विचारले जात नाही. म्हणून तिसरा रस्ता सर्वांना सोयीचा वाटतो. त्याची किंमत त्या मार्गावरची गावे मोजतात.

खुद्द रेल्वेमंत्र्यांनी याची कबुली संसदेत दिलेली आहे. जुलै 2014 च्या रेल्वे अर्थसंकल्पी भाषणात सदानंद गौडा यांनी आकडे मांडले होते. आधीच्या तीस वर्षांत 1,57,883 कोटी रुपयांचे 676 प्रकल्प मंजूर झाले, त्यातले जेमतेम 317 पूर्ण झाले आणि उरलेले 359 पुरे करायला आणखी 1,82,000 कोटी लागणार होते. म्हणजे उरलेल्या निम्म्या प्रकल्पांचा खर्च सगळ्यांच्या मूळ खर्चाहून जास्त झाला होता. त्याआधीच्या दहा वर्षांत नव्या मार्गांचे 99 प्रकल्प मंजूर झाले आणि पूर्ण झाला एक. त्या भाषणानंतर रेल्वेत पैसा पुष्कळ वाढला. पण मंजुरी म्हणजे नेमके कोणते वचन, याचा नियम काही झाला नाही. 2017 पासून रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्पही बंद झाला आणि मार्गागणिक जाब विचारण्याची वर्षातली एक ठरलेली वेळ संपली.

लोंबकळण्याचे ताजे उदाहरण पुणे-नाशिक रेल्वेचे आहे. दोन्ही शहरे राज्याच्या औद्योगिक नकाशावर वरच्या जागी आहेत, तरी त्यांच्यामध्ये थेट लोहमार्ग नाही. गाडीने जायचे तर कल्याणला किंवा मनमाडला वळसा घालावा लागतो. राज्य आणि रेल्वे यांच्या भागीदारीतल्या ‘महारेल’ने चाकण, राजगुरुनगर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा 235 किलोमीटरचा मार्ग आखला. ताशी 200 किलोमीटर वेग, सुमारे 16 हजार कोटी खर्च आणि पावणेदोन तासांचा प्रवास, असे चित्र 2021 मध्ये राज्याने लोकांपुढे ठेवले. मोजण्या झाल्या. खेड, आंबेगाव, जुन्नर, संगमनेर, सिन्नर या पट्ट्यात भूसंपादन सुरू झाले, काही शेतकऱ्यांची खरेदीखतेही झाली. चाकणचे वाहन कारखाने, नारायणगावचा टोमॅटो बाजार, संगमनेर-सिन्नरचा कांदा आणि दूध यांना हा मार्ग जोडणार होता.

मग अडचण पुढे आली ती खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप ही जगातल्या महत्त्वाच्या दुर्बिणींपैकी एक आहे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या तिच्या 30 अँटेना जुन्नर तालुक्याच्या परिसरात पसरलेल्या आहेत. वेगवान विजेच्या गाड्यांमुळे तिच्या निरीक्षणांत व्यत्यय येईल, असा आक्षेप आला. रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी जुना मार्ग बाजूला ठेवून अहिल्यानगर आणि शिर्डीवरून जाणारा नवा मार्ग पुढे केला.

हा आक्षेप बिनबुडाचा नाही. देशाच्या विज्ञानाची अशी ठेव जपलीच पाहिजे. पण दुर्बीण काही 2021 नंतर उभी राहिलेली नाही. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती 1990 च्या दशकात उभी राहिली आणि रेडिओ लहरींचा गोंगाट कमी असलेला परिसर म्हणूनच ती जागा निवडली गेली. नकाशावर मार्गाची पहिली रेघ मारली तेव्हाच तिथल्या शास्त्रज्ञांशी बोलणी पूर्ण व्हायला हवी होती. तोडगा निघतो की नाही, हे आधी ठरायला हवे होते आणि शेतकऱ्याच्या बांधावर मोजणीची खूण त्यानंतर लागायला हवी होती. इथे क्रम उलटा झाला. जमीन आधी मागितली आणि मार्ग शक्य आहे का, हा प्रश्न नंतर विचारला. ज्यांनी पोटच्या पोरासारखी जपलेली जमीन राज्याच्या शब्दावर दिली, त्यांच्या जमिनीचे पुढे काय, हे त्यांना लेखी, मुदतीसह कळायला हवे.

सह्याद्री ओलांडणारे मार्गही असेच अडले आहेत. कोकण आणि पश्चिम महाराष्ट्र हे राज्याचे दोन शेजारी प्रदेश, पण पनवेलपासून थेट गोव्यापर्यंत दोघांना जोडणारा एकही लोहमार्ग नाही. सुमारे शंभर किलोमीटरचा चिपळूण-कराड मार्ग कोकण रेल्वे आणि खासगी कंपनी यांच्या भागीदारीतून होणार होता. खासगी भागीदार बाहेर पडला आणि काम थांबले. सुमारे 107 किलोमीटरच्या वैभववाडी-कोल्हापूर मार्गाला 2016-17 मध्ये मंजुरी मिळाली. जयगड, विजयदुर्ग यांसारख्या बंदरांना देशाच्या आतल्या भागाशी जोडण्याची भाषा तेव्हापासून कानावर पडते आहे. आजही कोल्हापूरचा गूळ-साखर आणि इचलकरंजीचे कापड बंदराकडे निघते ते ट्रकने, घाटातून.

यवतमाळला तर असलेली रेल्वे गेली. मूर्तिजापूर-यवतमाळ आणि मूर्तिजापूर-अचलपूर हे नॅरोगेज मार्ग ब्रिटिश काळात कापूस वाहून नेण्यासाठी बांधले गेले. किलिक निक्सन या कंपनीची ती मालमत्ता, लोकांच्या तोंडी तिचे नाव ‘शकुंतला’. हळू का होईना, ती गरिबाला बसच्या भाड्याहून कितीतरी स्वस्तात गावी पोचवत होती. ब्रॉडगेज करण्याची घोषणा झाली आणि पुढे गाडीच बंद पडली. दुसरीकडे वर्धा-यवतमाळ-नांदेड हा 284 किलोमीटरचा मार्ग 2008-09 मध्ये मंजूर झाला. त्यातला वर्धा ते कळंब हा सुमारे 40 किलोमीटरचा टप्पा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला. शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर ओळखल्या गेलेल्या या जिल्ह्याच्या ठिकाणी जुनी गाडी थांबली आणि नवी पोचली नाही, असा काळ दोन्ही घोषणांच्या मध्ये पसरला आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या सीमेवर खामगाव-जालना मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे आणि बुलडाणा जिल्ह्याचे मुख्यालय आजही रेल्वेविना आहे.

असे का होते, हे समजून घ्यायला हवे. नव्या मार्गाला मंजुरी देताना रेल्वे परताव्याचा दर मोजते. बरीच वर्षे 14 टक्क्यांचा निकष होता. मागास भागातला मार्ग त्यात कधीच बसत नाही, कारण जिथे कारखाने आणि माल नाही तिथे उत्पन्न नाही आणि जिथे रेल्वे नाही तिथे कारखाने येत नाहीत. या कोंडीतून वाट म्हणून राज्यांनी खर्चाचा वाटा उचलण्याची पद्धत आली. नगर-बीड-परळीत राज्याचा वाटा निम्मा आहे, वर्धा-नांदेडमध्ये 40 टक्के. कल्पना चांगली आहे. पण यातून प्रत्येक मार्गाला दोन तिजोऱ्या आणि दोन सरकारे लागू लागली. मुंबईत सत्ता बदलली की वाट्याचा फेरविचार होतो, दिल्लीत प्राधान्य बदलले की तरतूद आटते. कंत्राटदार काम सोडून जातो, नवी निविदा निघते, दर वाढतात आणि वाढलेल्या खर्चाला पुन्हा मंजुरी लागते. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या 84 किलोमीटरच्या मार्गाची पायाभरणी जानेवारी 2019 मध्ये झाली, पण राज्याच्या वाट्याचा निर्णय व्हायला त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ गेला. तुळजाभवानीला जाणारा भाविक त्या वर्षांत एसटीनेच जात होता.

पैसा नाही, हे उत्तर आता पुरेसे नाही. रेल्वे मंत्रालयाच्याच आकड्यांनुसार 2009 ते 2014 या काळात महाराष्ट्राच्या वाट्याला वर्षाला सरासरी 1,171 कोटी येत होते आणि 2025-26 साठी हा आकडा 23,778 कोटी आहे. ही वाढ मोठी आहे आणि तिचे श्रेय द्यायला हवे. बीडची गाडी आणि कळंबचा टप्पा याच काळात झाला. 2018 मध्ये सामंजस्य करार होऊनही पुढे न सरकलेल्या मनमाड-इंदूर मार्गाला सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 18,036 कोटींची मंजुरी दिली. धुळ्याच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. पण तिजोरी भरलेली असतानाही कोणता मार्ग होणार आणि कोणता नाही, हे जनतेला कळत नसेल तर प्रश्न पैशांपलीकडचा आहे.

रस्त्यांकडे पाहिले की हे अधिक स्पष्ट दिसते. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग 2015 मध्ये जाहीर झाला आणि जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला. त्याच्या आखणीवर, भूसंपादनाच्या पद्धतीवर, अपघातांवर रास्त टीका झाली आहे. पण एक गोष्ट नोंदवायला हवी. सरकारने ठरवले, एका महामंडळावर जबाबदारी टाकली, कर्ज उभे केले आणि दहा वर्षांत रस्ता झाला. पवनार ते पत्रादेवी या 802 किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गाचा अंदाजित खर्च 86 हजार कोटींहून अधिक आहे. जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने त्याच्या नुसत्या भूसंपादन आणि नियोजनासाठी 20,787 कोटी मंजूर केले. नगर-बीड-परळी रेल्वेचा तीस वर्षांचा सगळा खर्च या रकमेच्या चौथ्या हिश्श्याइतकाही नाही.

रस्ता विरुद्ध रेल्वे असे भांडण लावण्याचा हा प्रयत्न नाही. गावाला दोन्ही लागतात. पण टोल भरून मोटार चालवणाऱ्याच्या वेळेसाठी हजारो कोटी काही महिन्यांत उभे राहतात आणि जनरल डब्यातून जाणाऱ्याच्या गाडीसाठी तीन दशके लागतात, हा प्राधान्यक्रम कुणीतरी ठरवलेला आहे आणि तो बदलता येतो. शिवाय ‘रद्द’ या शब्दावरचा लोकांचा विश्वासही शक्तिपीठ महामार्गाने उडवला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी तीव्र विरोध केला, तेव्हा 2024 च्या विधानसभा निवडणुकीआधी तिथली भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. निवडणुकीनंतर महामार्ग पुन्हा पुढे रेटला गेला. रेल्वे रद्द झाली तरी कुणी सांगत नाही आणि महामार्ग रद्द झाला म्हणून सांगितले तरी तो रद्द झालेला नसतो. दोन्ही ठिकाणी माणूस अधांतरीच राहतो.

हे अधांतरी राहणे सगळ्यात महाग आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्यानुसार प्राथमिक अधिसूचना निघाली की त्या जमिनीची खरेदी-विक्री थांबते. शेतकरी विहीर खणायला, डाळिंबाची बाग लावायला, पोराला घर बांधून द्यायला धजत नाही. ज्या रेषेतून गाडी जाणार असे सगळे म्हणतात, तिथे दलाल आधी पोचतात आणि मार्ग बदलला की भाव कोसळतात. गावात कारखाना टाकू पाहणारा उद्योजक रेल्वे येईल या आशेवर थांबतो किंवा दुसऱ्या जिल्ह्यात जातो. एसटीच्या फेऱ्या वाढवा, रस्ता रुंद करा, असे म्हटले की ‘आता रेल्वेच येणार आहे’ म्हणून तेही मागे पडते. न होणारा प्रकल्प अशा रीतीने होऊ शकणारी कामेसुद्धा अडवून धरतो.

वेगळे करून दाखवल्याचे उदाहरण याच मातीत आहे. बॅरिस्टर नाथ पै, मधु दंडवते यांनी कोकण रेल्वेचा आग्रह वर्षानुवर्षे धरला. 1990 मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. केंद्र 51 टक्के, महाराष्ट्र 22, कर्नाटक 15, गोवा आणि केरळ प्रत्येकी 6 असा भांडवलाचा वाटा ठरला आणि बाकीचा पैसा रोख्यांतून उभा केला. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे दोन हजार पूल आणि नव्वदहून अधिक बोगदे असलेला 741 किलोमीटरचा मार्ग जानेवारी 1998 मध्ये पूर्ण झाला. आठ वर्षे लागली. महामंडळाला पुढे कर्जाचे ओझे पेलावे लागले, ही त्याची दुसरी बाजू आहे. पण पैसा, मुदत आणि जबाबदार माणूस या तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी ठरल्या होत्या. काळा कातळ आणि कोकणातला पाऊस यांच्याशी झुंजूनही काम झाले ते यामुळे. बीडच्या माळरानावर त्याहून अवघड असे काहीच नव्हते.

प्रकल्प रद्द करायची वेळ आली तर ते उघडपणे करता येते, हे ब्रिटनमध्ये दिसले. 4 ऑक्टोबर 2023 रोजी पंतप्रधान ऋषी सुनक यांनी ‘एचएस-टू’ या वेगवान रेल्वेचा बर्मिंगहॅमच्या उत्तरेकडचा टप्पा रद्द केल्याचे जाहीर केले आणि तेही ज्या शहराची गाडी गेली त्या मँचेस्टरमध्येच. वाचलेले 36 अब्ज पौंड इतर वाहतूक कामांना देऊ, असे त्यांनी सांगितले. निर्णयावर टीकेची झोड उठली आणि त्यातली बरीचशी योग्य होती. पुढच्या सरकारने 2024 मध्ये स्टोनहेंजजवळचा बोगदा आणि आणखी काही कामेही रद्द केली. या निर्णयांचे कौतुक करायचे कारण नाही. पण कोणी रद्द केले, कधी केले, का केले आणि पैसा कुठे जाणार, हे नागरिकाला ठाऊक होते. त्यामुळे त्याला भांडता आले आणि मतपेटीतून उत्तर देता आले. यवतमाळच्या किंवा कराडच्या मतदाराला ही संधीच मिळत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. राज्य सरकार आणि रेल्वे मंत्रालय यांनी मिळून महाराष्ट्रातल्या प्रत्येक मंजूर मार्गाची श्वेतपत्रिका काढावी. चालू, स्थगित आणि रद्द अशा तीनच रकान्यांत प्रत्येक नाव बसले पाहिजे. चालू असेल तर उरलेला पूर्ण खर्च, दोन्ही सरकारांचा वाटा आणि पूर्ततेचे वर्ष लिहावे आणि राज्याचा वाटा वर्षावर्षाच्या मर्जीवर न सोडता स्वतंत्र निधीत ठेवावा. स्थगित असेल तर फेरविचाराची तारीख हवी. रद्द असेल तर कारण द्यावे, जमिनीवरची बंधने ठरावीक मुदतीत उठवावीत आणि त्या भागाला बदली म्हणून काय मिळणार, हे त्याच कागदावर सांगावे. भूसंपादन कायद्यात पाच वर्षे न वापरलेली जमीन मूळ मालकाला किंवा राज्याच्या भूमी बँकेकडे परत देण्याची तरतूद आहे. न झालेल्या रेल्वेमार्गांसाठी घेतलेल्या जमिनीलाही हेच तत्त्व लागू करावे. आणि यापुढे ज्या मार्गाचा संपूर्ण पैसा आणि सगळ्या संबंधित संस्थांची संमती हाती नाही, त्याच्यासाठी एकाही शेतात मोजणीची खूण ठोकू नये.

महाराष्ट्रातून लोकसभेत 48 आणि राज्यसभेत 19 खासदार जातात. प्रत्येकाने आपापल्या मतदारसंघातला मार्ग तेवढा मागायचा, ही आजवरची रीत. तिच्यामुळेच सगळ्यांच्या वाट्याला हजार-हजार रुपयांच्या तरतुदी आल्या. पक्ष बाजूला ठेवून या सदुसष्ट जणांनी एकच श्वेतपत्रिका मागितली, तर ती नाकारणे कोणत्याही रेल्वेमंत्र्याला जड जाईल. विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात राज्याने आपल्या वाट्याचा हिशेब सभागृहापुढे ठेवावा. चिपळूण-कराड, वैभववाडी-कोल्हापूर, खामगाव-जालना, मूर्तिजापूर-यवतमाळ आणि संगमनेरमार्गे पुणे-नाशिक या पाच नावांपासून सुरुवात करावी आणि पुढचा अर्थसंकल्प मांडला जाण्याआधी त्या प्रत्येकापुढे ‘चालू’, ‘स्थगित’ की ‘रद्द’, ते छापून प्रसिद्ध करावे.